शीची डबी आणि अकरा नमुने: कॅल्प्रोटेक्टिन तपासणीचे चौदा महिने

९ जानेवारीला पहिली डबी हातात आली. फिरकीचं झाकण, झाकणाला आतून जोडलेला इवलासा चमचा, बाजूला पांढरं लेबल आणि सोबत एका पानाचा फॉर्म. लेकीला तेरावं लागलेलं. तीन महिने पोटदुखी, अधूनमधून जुलाब, वजन उतरलेलं. कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून पाहणं) चार दिवसांवर आली होती आणि त्याआधी ‘शीतलं कॅल्प्रोटेक्टिन करून घ्या’ एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पुढे निदान झालं, क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), लहान आतड्याचं शेवटचं टोक आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग. तेव्हापासून ही डबी घरात मुक्कामालाच आहे. ज्यांच्या मुलांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा तसाच आजार) आहे आणि ज्यांच्या हातात अशी डबी नुकतीच पडली आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवतो आहोत. उपचार ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतील. इथे आहे ते नमुन्याचं आणि आकड्याचं.

आधी मोजतात काय ते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या पेशीद्रवात जी प्रथिनं असतात, त्यांतलं साधारण ६० टक्के हे एकटं कॅल्प्रोटेक्टिन. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल तिकडे धाव घेतात, अस्तरातून पलीकडे आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शीत मिसळतं. कॅल्शियम धरून ठेवत असल्यामुळे आतड्यातले जंतू आणि पाचकरस त्याला सहजी तोडू शकत नाहीत, म्हणून ते बाहेर येईपर्यंत टिकतं. हे प्रथिन १९८० मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी पांढऱ्या पेशींतून वेगळं केलं आणि १९९२ मध्ये ते शीत मोजायची रीत प्रसिद्ध झाली. रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन, साध्या तापखोकल्यातही चढतो आणि काही मुलांत आतडं सुजलेलं असूनही चढत नाही. लेकीचा सीआरपी निदानाच्या दिवशीसुद्धा नॉर्मल होता. त्यामुळे आमच्यासाठी पुढे लक्ष ठेवायचं साधन उरलं ते हेच. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कळायला हवी होती: हा आकडा सूज आहे एवढं सांगतो, कशामुळे आहे ते सांगत नाही. पोटात साधा जंतुसंसर्ग झाला तरी तो उसळी मारतो.

पहिला नमुना घ्यायचा होता तो पोट साफ करायचं औषध सुरू होण्याआधी. ते औषध पोटात गेलं की शीचं पाणी होतं आणि मग त्यातलं मोजमाप कशाशीच जुळत नाही. कमोडच्या पाण्यात पडलेली शी चालत नाही, लघवी मिसळलेली चालत नाही. आम्ही कमोडच्या सीटखाली प्लास्टिकची पातळ फिल्म ताणून बसवली, मधे थोडी खोलगट. लघवी आधी करून घ्यायची, मग फिल्म लावायची. हा क्रम उलटा झाला तर सगळं वाया. चमच्याने तीन वेगवेगळ्या जागांवरून थोडी थोडी शी घ्यायची, कारण कॅल्प्रोटेक्टिन शीत सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. नुसती शेंब घ्यायची नाही, नुसतं रक्तही नाही. डबी एक तृतीयांशच भरायची. काठोकाठ भरलेल्या डबीत वायू साचतो आणि झाकण उघडताना काय होतं ते लॅबमधल्या माणसाला विचारा.

एवढं जमलं आणि चूक झाली ती कागदावर. फॉर्मवर लेकीचं पूर्ण नाव, डबीवर घरातलं छोटं नाव. शिवाय लेबल लावलं होतं झाकणावर. लॅबने नमुना दोन दिवस बाजूला ठेवला, फोन केला, नाव जुळवलं. लेबल नेहमी डबीच्या अंगावर, झाकणावर कधीच नाही. झाकणं काढल्यावर अदलाबदल होऊ शकते. फॉर्मवर जसं नाव तसंच डबीवर, जन्मतारखेसह. आणि ‘नमुना घेतल्याची तारीख व वेळ’ हा रकाना स्वतः भरायचा. रिकामा राहिला तर काउंटरवर नोंदणीची वेळ तिथे जाते आणि नमुना खरा किती जुना आहे ते कुणालाच कळत नाही.

रिपोर्ट आला २० जानेवारीला, अकराव्या दिवशी. तोवर कोलोनोस्कोपी होऊन उपचारही सुरू झाले होते. एवढा वेळ का, तर ज्या लॅबमध्ये एलायझा पद्धत आहे तिथे ९६ खळग्यांची प्लेट लागते. एका नमुन्यासाठी ती उघडत नाहीत. नमुने साठवतात आणि ठरलेल्या वारी एकदम लावतात. आमच्या लॅबचा वार बुधवार. गुरुवारी दिलेला नमुना सहा दिवस नुसता थांबतो. हा वार विचारून घेतल्यापासून आमचे रिपोर्ट तीन-चार दिवसांत येऊ लागले. काही लॅबमध्ये स्वयंचलित यंत्र असतं, तिथे रोज तपासतात. विचारल्याशिवाय हे कुणी आपणहून सांगत नाही.

रिपोर्टवर आकडा होता ‘१,८०० पेक्षा जास्त’. एकक मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. शेजारी छापलेलं: ५० पेक्षा कमी नॉर्मल. पोटात गोळा आला. नंतर कळलं की सक्रिय क्रोन्स असलेल्या मुलांत हजारांतले आकडे नेहमीचेच. रिपोर्टवरचे ५० हे आजार आहे की नाही हे चाळण्यासाठी असतात, निदान झालेल्या मुलाचं गणित वेगळं.

१५ जानेवारीपासून आठ आठवडे फक्त द्रव पोषण, बरोबर अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी). चार आठवड्यांनी, १२ फेब्रुवारीला, दुसरा नमुना. लेक टवटवीत दिसायला लागली होती, पोट दुखायचं थांबलं होतं, वजन दोन किलोने चढलं होतं. रिपोर्ट: ‘१,८०० पेक्षा जास्त’. जसाच्या तसा.

तो आठवडा वाईट गेला. मग लॅबमधल्या तंत्रज्ञ ताईंनी फोनवर साध्या शब्दांत सांगितलं ते असं: यंत्राची पट्टी १,८०० ला संपते. त्याच्या वर २,००० असो की ८,०००, छापलं जातं ते हेच. द्रावण आणखी पातळ करून पुन्हा लावलं तर खरा आकडा मिळतो, पण डॉक्टरांनी तसं मागावं लागतं. मागितलं. दुसऱ्या नमुन्याचा आकडा आला २,९५०. पहिल्याचा मात्र मिळाला नाही. ठेवायची मुदत संपली म्हणून तो नमुना टाकून दिला होता. म्हणजे आकडा कुठून निघाला हे आम्हाला कधीच कळणार नाही. सात हजारांवरून तीन हजारांवर आला असेल किंवा तीन हजारांवरच रेंगाळला असेल. म्हणून निदानाच्या वेळच्या फॉर्मवरच एक ओळ लिहून घ्या: ‘मर्यादेपेक्षा जास्त आल्यास पातळ करून अंतिम आकडा द्यावा.’ त्याचे वेगळे पैसे लागतात का तेही तेव्हाच विचारा. आम्हाला लागले, पण नवा नमुना देण्यापेक्षा कमी.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली. लॅबमध्ये डबी आल्यावर शी थेट यंत्रात जात नाही. आधी एक काडी शीत खुपसतात. काडीच्या टोकाला बारीक खाचा असतात. काडी एका अरुंद भोकातून आत ढकलली की बाहेरची शी पुसली जाते आणि खाचेत बसलेली तेवढी द्रावणात जाते. अशा एका प्रकारच्या नळीत खाचेत १० मिलिग्रॅम बसते आणि द्रावण असतं ५ मिलिलिटर. १० मिलिग्रॅम म्हणजे टाचणीच्या मोठ्या डोक्याएवढी शी! अख्ख्या आतड्याचा हवाला त्यावरून. आता शी पातळ असेल तर ती खाचेत ठरत नाही, ओघळून जाते. १० च्या जागी ५ मिलिग्रॅमच राहिली तर ४०० चा आकडा २०० दिसतो. शी फार कडक असेल तर खाच नीट भरत नाही, पुन्हा कमीच. म्हणून पाण्यासारखे जुलाब असताना आलेला कमी आकडा पाहून निर्धास्त व्हायचं नाही. काही लॅबमध्ये काट्यावर तोलून घेतात, त्यात ही अडचण कमी. फॉर्मवर शी कशी होती ते (बांधीव, मऊ, पाणी) आम्ही तेव्हापासून लिहितो, वहीतही लिहितो.

ती वही म्हणजे शाळेची साधी वही. एका नमुन्याला एक ओळ:

‘११ मार्च, मंगळवार, स. ७.१०, दिवसातली पहिली, मऊ, रक्त नाही, लॅबला ९.४०, एलायझा, आकडा ६४०. औषधं: अझा. रोज. पेनकिलर नाही. ताप-जुलाब नाही. पाळी नाही.’

या ओळीतला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या चुकीतून आला आहे. तारखेसोबत वार लिहायला लागलो तो आदल्या शुक्रवारमुळे. ७ मार्चला दुपारी नमुना मिळाला, शाळेतून आल्यावर. लॅबचं कलेक्शन सेंटर उघडं होतं, त्यांनी डबी घेतली, पावतीही दिली. मुख्य लॅबकडे गाडी गेली सोमवारी. तिथून निरोप आला की नमुना नाकारला, तीन दिवसांच्या वर झाला आणि थंड ठेवल्याची नोंद नाही. कॅल्प्रोटेक्टिन टिकाऊ आहे म्हणतात ते खरं, पण खोलीच्या तापमानाला तीनएक दिवसांनंतर आकडा घसरायला लागतो, आणि उकाड्यात लवकर. म्हणजे न नाकारता तपासला असता तर खोटा कमी आकडा मिळाला असता. नाकारला हेच बरं झालं. आता नमुना फक्त सोमवार ते बुधवार. लगेच नेता येत नसेल तर डबी दोन पिशव्यांत, अपारदर्शक डब्यात, फ्रिजच्या दारात (फ्रीजरमध्ये नको) आणि दुसऱ्या दिवशी पोचती करायची.

वेळ सकाळची, तीही कारणाने. एकाच दिवसात दोनदा-तीनदा शी होणाऱ्या रुग्णांत सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत मोठा फरक दिसतो. शी जितका वेळ आतड्यात थांबते तितकं सुजलेल्या अस्तरातून कॅल्प्रोटेक्टिन तिच्यात उतरतं. रात्रभर थांबलेली सकाळची पहिली शी घेतली की दर वेळी साधारण सारखी परिस्थिती मिळते. सकाळी होतच नसेल तर जी दिवसातली पहिली असेल ती. महत्त्व आहे ते दर वेळी तेच करण्याला.

६४० वर द्रव पोषणाचे आठ आठवडे संपले. २२ एप्रिलला, नेहमीचं खाणं सुरू होऊन सहा आठवडे झाल्यावर, २१०. खाणं सुरू झालं की आकडा पुन्हा वर जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ही तपासणी मुद्दाम त्या वेळेला ठेवली. २१० वर ते समाधानी होते. आम्ही नव्हतो, कारण रिपोर्टवर तो ठळक अक्षरांत, बाण लावून ‘हाय’ छापला होता. इथे स्ट्राइड-२ कामाला आलं. आयबीडीच्या (क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस यांचं एकत्र नाव) उपचारात कुठे पोचायचं हे ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या या शिफारशी २०२१ मध्ये आल्या, मुलांसाठीही. त्यांत कॅल्प्रोटेक्टिन १०० ते २५० च्या टप्प्यात आणणं हे मधलं उद्दिष्ट म्हणून दिलं आहे. एवढा रुंद पट्टा का, तर १०० च्या जवळची रेषा धरली तर निरोगी आतड्यालाही उगाच सुजलेलं ठरवलं जातं, २५० धरली तर थोडी उरलेली सूज नजरेतून सुटते. आमच्या डॉक्टरांचा हिशोब असा: १५० च्या खाली निवांत, २५० च्या वर पुन्हा तपासणी, मधे असेल तर आधीच्या आकड्याशी तुलना. हा हिशोबही प्रत्येकाला सारखा लागू नाही. आजार फक्त लहान आतड्यात असेल तर सूज असूनही आकडा तुलनेने कमी राहू शकतो. मोठ्या आतड्याच्या आजारात तो जास्त खणखणीत बोलतो.

अगदी लहान मुलांच्या आईबाबांसाठी दोन ओळी, कारण रुग्णालयात बाकावर बसल्याबसल्या हे प्रश्न नेहमी निघतात. चार वर्षांखालच्या मुलांत निरोगी असतानाही कॅल्प्रोटेक्टिन जास्त असतं, तान्ह्यांत तर शेकड्यांत. मोठ्यांसाठीचे ५० त्यांना लावायचे नाहीत. आणि डायपरमधून नमुना घेतला तर डायपर शीतलं पाणी शोषून घेतो, उरलेली शी घट्ट होते, आकडा फुगतो. डायपरच्या आत प्लास्टिकची फिल्म पसरून त्यावरून घ्या.

मे-जूनमध्ये काही नव्हतं. लॅबने एकदा ‘पॅकेज’ सुचवलं: कॅल्प्रोटेक्टिन, लॅक्टोफेरिन आणि शीतलं अदृश्य रक्त, तिन्ही एकत्र. डॉक्टरांना विचारून नाही म्हटलं. लॅक्टोफेरिनही न्यूट्रोफिलमधूनच येतं, म्हणजे दोन साक्षीदार एकाच घरातले. त्याची नॉर्मल मर्यादा बहुतेक किटमध्ये ७.२५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, त्यामुळे त्याचा २० म्हणजे कॅल्प्रोटेक्टिनचा २० नव्हे. (आईच्या दुधातही लॅक्टोफेरिन असतं, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळात ही तपासणी फसवते.) एस-१०० ए-१२ नावाच्या आणखी एका प्रथिनावर मुलांत काम झालं आहे, पण ते बहुतेक संशोधनापुरतंच. एकच तपासणी धरावी आणि ती नियमाने करावी, या मताचे आम्ही आहोत.

घरी करायचे संचही असतात: काडी, पट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा. लॅबच्या खेपा वाचतात हे खरं. पण काहींची पट्टी १,००० लाच संपते, आणि घरचा आकडा लॅबच्या आकड्याला जोडता येत नाही. ज्याला ते वापरायचं त्याने सुरुवातीपासून तेच वापरावं.

२२ जुलैचा नमुना ४८०.

लक्षण एकही नाही. शाळा, खेळ, झोप, सगळं ठीक. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून औषधाला हात लावला नाही. दोन प्रश्न विचारले. जुलाब-ताप? नाही. कुठली पेनकिलर? आणि तेव्हा आठवलं की नमुन्याच्या आधीच्या आठवड्यात खेळताना पाय मुरगळला होता आणि लेकीने पाच दिवस आयब्युप्रोफेन घेतलं होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या आतड्याच्या अस्तराला डिवचतात आणि आकडा चढवतात. आयबीडी असलेल्या मुलांना त्या शक्यतो देतच नाहीत, पॅरासिटामॉलवर भागवतात. हे आम्हाला सांगितलेलं होतं, कपाटातल्या डब्यावर लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलं आहे, लाल पेनाने. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोल गटातल्या गोळ्यांनीही आकडा वाढू शकतो. त्या डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, फॉर्मवर लिहायच्या.

तीन आठवडे थांबून १२ ऑगस्टला पुन्हा नमुना: १५०. ते तीन आठवडे लांबलचक वाटले. रोज सकाळी ‘पोट कसं आहे?’ विचारून लेकीला वैताग आणला. तिने एके दिवशी सांगितलं, ‘बिघडलं की मीच सांगेन, तुम्ही विचारू नका.’ तेव्हापासून नमुनाही तीच घेते. फिल्म, चमचा, लेबल, वेळ, सगळं तिचं. आमच्याकडे फक्त डबी पोचवण्याचं काम. मोठ्या होणाऱ्या मुलांत ही तपासणी बारगळते ती बहुतेक लाजेपायी, आणि डबी आईबाबांसमोर नाचवली गेली की लाज वाढते. पाळीचं गणितही तिचं तिलाच कळतं. पाळीचं रक्त मिसळलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी आकड्यात धरल्या जातात, म्हणून पाळी संपून दोन दिवस जाऊ द्यायचे. ऑक्टोबरअखेरचा नमुना त्यामुळेच ४ नोव्हेंबरवर गेला.

४ नोव्हेंबर: ३३०. या वेळी पेनकिलर नाही, ताप नाही, जुलाब नाही. जुलाब असते तर आधी शीचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून ओळखणं) आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची तपासणी झाली असती, कारण आयबीडीच्या मुलांत जंतुसंसर्ग आणि आजाराची उचल वरून सारखीच दिसतात. त्यासाठी डबी वेगळी द्यावी लागते. कल्चरच्या डबीत कधीकधी द्रव घातलेला असतो, तो नमुना कॅल्प्रोटेक्टिनला चालत नाही. एका आकड्यावर औषध बदलायचं नाही, या नियमाने पुन्हा थांबलो. २४ नोव्हेंबर: ५९०.

लेक अजूनही ठणठणीत. मग कशाला काही करायचं, हा प्रश्न आम्ही विचारलाच. आजार लक्षणांनी उचल खाण्याआधी काही आठवडे ते दोन-तीन महिने हा आकडा चढायला लागतो, हे त्याचं उत्तर. दुसरं उत्तर डॉक्टरांनी ‘काम’ (CALM) नावाच्या अभ्यासातून दिलं. नाव मराठी ‘काम’सारखंच ऐकू येतं, म्हणून लक्षात राहिलं. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्रोन्सच्या मोठ्या रुग्णांचे दोन गट: एकात लक्षणं बघून औषध वाढवलं, दुसऱ्यात लक्षणांबरोबर कॅल्प्रोटेक्टिन (२५० ही रेषा) आणि सीआरपी बघूनही. ४८ आठवड्यांनी आतडं आतून भरून आलेले पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात ४६ टक्के. मुलांवरचा अभ्यास नव्हे तो, पण दिशा कळते.

तरी लगेच कोलोनोस्कोपी झाली नाही. आधी पोटाची सोनोग्राफी, आतड्याच्या भिंतीची जाडी बघायला: शेवटच्या टोकाशी थोडी जाड. मग रक्तात अझाथायोप्रिनचं काय होतंय ते. गोळीपासून शरीरात बनणारा ६-टीजीएन नावाचा घटक २३५ च्या वर हवा असतो, आला ९०. गोळीपासूनच बनणारा दुसरा घटक, ६-एमएमपी, जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी रिपोर्ट आमच्याकडे न देता लेकीकडे वळवला आणि समजावलं: एक कमी आणि दुसरा जास्त असेल तर शरीर औषध भलत्या वाटेने वळवतंय, दोन्ही कमी असतील तर डोस कमी पडतोय किंवा गोळी पोटात जात नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘सकाळची बरेचदा राहते.’ ओरडायचं कुणी नाही, असं ठरवूनच आलो होतो. गोळी सकाळऐवजी रात्री, ब्रश करताना. आठवड्याची खणांची डबी तिनेच भरायची. औषध बदललं नाही, डोसही तोच.

अझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून घाईने नमुना दिला नाही. १८ फेब्रुवारी: १९०. सोनोग्राफीत भिंतही उतरलेली. खर्चाच्या बाजूने बघितलं तर वर्षात ठरलेल्या तपासण्या पाच, झाल्या दहा. जास्तीच्या पाचांतली एक नाकारलेला नमुना, एक आयब्युप्रोफेन. बाकीच्या खऱ्या गरजेच्या. तपासणीच्या फीशिवाय नमुना नेण्याचा आकार, पातळ करून पुन्हा लावण्याचा आकार आणि सुट्टीचा अर्धा दिवस धरायचा. विम्यातून परतावा मागणार असाल तर प्रत्येक वेळी डॉक्टरांची चिठ्ठी नवी हवी, निदानाचं नाव त्यावर असायला हवं, आणि बिलावरची तारीख नमुना घेतल्याची आहे की रिपोर्टची हे तपासा. चिठ्ठीच्या आधीची तारीख पडली तर दावा अडतो. आमचा एक तसाच अडला, सुटायला सात आठवडे लागले.

मार्चमध्ये लॅबच्या काउंटरवर कागद चिकटवलेला दिसला: ‘कॅल्प्रोटेक्टिन तपासणीची पद्धत बदलली आहे.’ एलायझा जाऊन स्वयंचलित यंत्र. आता रोज रिपोर्ट, बुधवारची वाट नको, म्हणून आम्ही खूश. डॉक्टर खूश नव्हते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पद्धती एकाच शीवर वेगवेगळे आकडे देतात, कधीकधी दुपटीतिपटीने, कारण सगळ्यांना सामाईक असं प्रमाणित माप अजून नाही. त्यांनी एका डबीतली शी दोन्हीकडे लावायला सांगितली: आमच्या लॅबचं नवं यंत्र, आणि दुसऱ्या लॅबमधली तीच जुनी एलायझा. लेकीने सकाळी एकाच शीतून दोन डब्या भरल्या, दोन्हीवर एकच वेळ लिहिली. हा अकरावा नमुना. जुन्या पद्धतीने १४०, नव्याने २६०.

वहीत त्या तारखेखाली लेकीने पट्टी घेऊन आडवी रेघ मारली आहे आणि समासात यंत्राचं नाव लिहिलं आहे. रेघेच्या वरचे आकडे खालच्या आकड्यांना जोडायचे नाहीत. पुढची डबी जूनमध्ये, सोमवार ते बुधवार.